वाकणाऱ्या सौरपट्ट्या : कमानी छपरावरील चाचणीच्या नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित झाली. उपकरणे ठेवण्याच्या शेडचे छप्पर पातळ पत्र्याचे आणि कमानीसारखे गोलाकार आहे. सांगाड्याची आकडेमोड पुन्हा तपासली असता, वाऱ्याचा भार जमेस धरल्यावर काचेच्या नेहमीच्या सौर पॅनेलचे वजन त्याला पेलणार नाही, हे स्पष्ट झाले. काचेचे पॅनेल दर चौरस मीटरला साधारण ११ किलो भरते आणि ते बसवण्यासाठी लागणाऱ्या चौकटीचे वजन त्याहून वेगळे असते. पत्र्याला थेट चिकटवता येणारी लवचिक पट्टी मात्र दोन ते तीन किलोंत बसते. म्हणजे या छपरावर वीज तयार करायची असेल, तर ती पातळ आणि वाकणाऱ्या सौरघटांनीच करावी लागेल. अशी हलकी छपरे, तंबू, वाहनांचे टप आणि तात्पुरती बांधकामे जगभर किती आहेत याचा विचार केला, की या तंत्राविषयी एवढी आशा का बाळगली जाते ते समजते.

पट्टी पहिल्या दिवशी किती वॉट देते, एवढे मोजून आम्ही थांबणार नाही. वाकवल्यावर, तापल्यावर आणि दमट हवेत दिवस काढल्यावर ती किती देते, हे पाहणे हाच या कामाचा हेतू आहे.

१० जानेवारी

सहकाऱ्यांसाठी टिपण तयार करताना सौरघट मुळात पातळ का होऊ शकतो, हे नीट मांडावे लागले, म्हणून ते येथेही नोंदवतो. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेला सिलिकॉनचा सौरघट सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा होता, म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेपैकी तेवढीच विजेत बदलत असे. आजही जगातील सौर पॅनेलच्या उत्पादनात स्फटिकी सिलिकॉनचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक आहे. पण सिलिकॉन प्रकाश फार सावकाश शोषते. लाल आणि अवरक्त प्रकाश शोषताना त्यातील इलेक्ट्रॉनला प्रकाशकणाच्या ऊर्जेबरोबर स्फटिकाच्या कंपनाचीही साथ लागते, आणि हा योग क्वचित जुळून येत असल्यामुळे घटाची जाडी शंभर-दीडशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवणे भाग पडते. कॅडमियम टेल्युराइड किंवा तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचे संयुग (ज्याला सीआयजीएस म्हणतात) यांना कंपनाची अशी मदत लागत नाही. त्यांचा दोन-तीन मायक्रॉनचा थर बहुतेक उपयुक्त प्रकाश पिऊन टाकतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हा थर किती पातळ आहे याची कल्पना येईल.

एवढा पातळ थर स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही, त्याला आधार लागतो. तो आधार काच असेल तर पॅनेल ताठ होते. पोलादाची पातळ फॉइल किंवा पॉलिइमाइडसारखे उष्णता सोसणारे प्लॅस्टिक असेल तर ते वाकते. लवचिकतेचा खरा उगम या आधारात आहे, आणि पुढील सर्व अडचणींचे मूळही बहुधा तेथेच सापडेल, असा माझा अंदाज आहे.

१४ जानेवारी

चाचणीसाठी तीन प्रकारच्या पट्ट्या मिळाल्या. पहिली अस्फटिकी (अणूंची नियमित रचना नसलेल्या) सिलिकॉनची, दुसरी पोलादी फॉइलवरील सीआयजीएसची, आणि तिसरी ‘लवचिक’ म्हणून ओळखली जाणारी, पण प्रत्यक्षात नेहमीच्या सिलिकॉनच्या चकत्या काचेऐवजी प्लॅस्टिकच्या थरांत बसवलेली. तिसरी पट्टी पातळ थराच्या तंत्राची नाही; तरीही वापरणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही, म्हणून तिला मुद्दाम तुलनेत घेतले.

दुपारच्या निरभ्र उन्हात पहिली मोजणी केली. अस्फटिकी सिलिकॉनच्या पट्टीने लेबलवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा बरीच जास्त वीज दिली, आणि आमच्या गटातील नव्या सहकाऱ्यांना फार आनंद झाला. या आकड्यावर विसंबू नये, असे मी नोंदवहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे. या पदार्थाची पहिली यशस्वी उपकरणे कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी १९७६ मध्ये सादर केली, तेव्हा त्यांची कार्यक्षमता २.४ टक्के होती. पुढच्याच वर्षी स्टेबलर आणि व्रॉन्स्की यांनी दाखवून दिले की, प्रकाश पडत राहिल्याने या पदार्थात दोष निर्माण होतात आणि तो तापवल्यावर ते दोष बऱ्याच अंशी भरून येतात. त्यामुळे अशी पट्टी पहिल्या काही शे तासांत उतरते आणि मग स्थिरावते. लेबलवरचा आकडा हा स्थिरावल्यानंतरचा असतो. खरी मोजणी ही पट्टी काही आठवडे उन्हात ठेवल्यावरच करायची.

२२ जानेवारी

आजपासून वाकवण्याची चाचणी सुरू केली. छपराच्या कमानीची त्रिज्या तीन मीटर आहे, म्हणजे बसवल्यानंतर पट्टीला फारसे वाकावे लागणार नाही. तिची खरी परीक्षा आहे ती गुंडाळून ठेवण्यात, शिडीवरून वर नेण्यात आणि पुन्हा उलगडण्यात. म्हणून १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या नळकांड्याभोवती ती गुंडाळायची आणि सोडायची, असे ५०० वेळा करायचे ठरले.

आकडेमोड सोपी आहे. वाकवलेल्या वस्तूची बाहेरची बाजू जेवढी लांबते, ते प्रमाण म्हणजे तिची जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. ३.२ मिलिमीटर जाडीची काच या नळकांड्याभोवती वाकवायची तर तिचा पृष्ठभाग एक टक्क्याहून अधिक लांबावा लागेल, आणि काच त्याच्या कितीतरी आधी फुटते. ०.०५ मिलिमीटरच्या फॉइलला मात्र दोन शतांश टक्क्यांहूनही कमी लांबावे लागते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. फॉइल कितीही पातळ असली तरी वरचे संरक्षक प्लॅस्टिक, चिकट थर आणि मागचे अस्तर धरून पूर्ण पट्टी दोन मिलिमीटरच्या आसपास जाते, आणि मग पृष्ठभागावरील लांबण दोन तृतीयांश टक्क्यापर्यंत पोहोचते. पारदर्शक वाहक म्हणून वापरले जाणारे ठिसूळ ऑक्साइडचे थर एक-दोन टक्क्यांच्या आसपास तडकू लागतात, म्हणजे सुटका फार मोठी नाही. यावर उपाय असा की, वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधे एक पातळी अशी राहते की तिची लांबी बदलत नाही. सौरघट नेमका त्या पातळीवर येईल अशा रीतीने वरचे-खालचे थर निवडायचे. चांगल्या पट्टीचे कौशल्य अशा न दिसणाऱ्या ठिकाणी असते, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

३० जानेवारी

५०० फेऱ्या पूर्ण झाल्या. नुसत्या डोळ्यांना तिन्ही पट्ट्या जशाच्या तशा दिसत होत्या. मल्टिमीटरवर उघड्या परिपथाचा (पट्टीला काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेजही जवळपास पूर्वीइतकाच होता, आणि एवढीच तपासणी केली असती तर आम्ही चुकीच्या निष्कर्षावर पोहोचलो असतो.

रात्री खोली पूर्ण अंधारी करून, सिलिकॉनच्या चकत्यांच्या पट्टीत बाहेरून विद्युतप्रवाह सोडला. सौरघटाला वीज दिली की तो अतिशय मंद अवरक्त प्रकाश देतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण अवरक्त गाळणी काढलेल्या कॅमेऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या छायाचित्रणात दिसतो. पडद्यावर चित्र उमटले तेव्हा खोलीत कोणी बोलेना. बहुतेक चकत्या एकसारख्या उजळल्या होत्या. परंतु गुंडाळीच्या आतल्या टोकाकडील चार चकत्यांवर तळ्याच्या तळाशी सुकलेल्या चिखलाला पडतात तशा काळ्या भेगा पसरल्या होत्या, आणि दोन ठिकाणी भेगांनी वेढलेला तुकडाच्या तुकडा काळा पडला होता. तो भाग परिपथापासून तुटला आहे. आज त्याने उत्पादन थोडेच घटते, पण उन्हात तापण्या-निवण्याने या भेगा वाढतील आणि तुटलेल्या चकत्या गरम होऊ लागतील.

सीआयजीएसच्या पट्टीवर भेगा आढळल्या नाहीत. तेथे दोष निघाला तो वेगळ्याच जागी. जंक्शन बॉक्सजवळ, म्हणजे वीज बाहेर नेणाऱ्या तारा जोडण्याच्या डबीजवळ, जेथे पट्टी अचानक जाड आणि ताठ होते, तेथे सपाट तांब्याच्या तारेचा सोल्डर सुटू लागला होता. घट शाबूत राहिला आणि सांधा हरला. आपण ज्याला लवचिक पॅनेल म्हणतो त्यातील न वाकणारी जागा हीच त्याची दुखरी जागा ठरते, ही आजच्या दिवसाची सर्वांत उपयोगी नोंद आहे.

सिलिकॉनच्या चकत्यांविषयी एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. २०२३ मध्ये चीनमधील संशोधकांनी ६० मायक्रॉन जाडीच्या चकत्यांच्या कडा बोथट करून २४ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचे, खरोखर दुमडता येणारे सिलिकॉनचे घट करून दाखवले. भेग चकतीच्या कडेवरील सूक्ष्म टोकदार खळग्यांतून सुरू होते, हे त्यांनी हेरले होते. तेथेही प्रश्न सुटला तो कडेवर.

४ फेब्रुवारी

तापमानाची मोजणी. पत्र्याला चिकटवलेल्या पट्टीच्या मागून हवा वाहत नाही, म्हणून ती चौकटीवरील पॅनेलपेक्षा जास्त तापते. पॅनेलची क्षमता मात्र २५ अंश सेल्सिअसला आणि दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाशात मोजलेली असते. स्फटिकी सिलिकॉन दर अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती गमावते, म्हणजे ७० अंशांना सुमारे १६ टक्के. अस्फटिकी सिलिकॉनमध्ये हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या जवळ असल्यामुळे त्याच तापमानाला तोटा ९ टक्केच होतो. भेगा पडलेली तिसरी पट्टी आता तुलनेतून वगळली आहे.

९ फेब्रुवारी

दमट उष्णतेची चाचणी आज सुरू केली. पॅनेलच्या प्रमाणीकरणात ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत १००० तास ठेवण्याची अट असते. आम्हाला कक्ष तीनच आठवडे मिळणार आहे, म्हणून ५०० तासांवर समाधान मानावे लागेल. सीआयजीएसच्या दोन पट्ट्या आत ठेवल्या. त्यांपैकी एक जशी आली तशी आहे. दुसरीची एक कड, छपराच्या पन्हाळीत नीट बसावी म्हणून, आम्हीच गेल्या आठवड्यात एक सेंटिमीटर कापली होती. कापताना ती कड रिकामी आहे, तेथे सौरघट नाही, असा विचार केला होता. तो बरोबर होता की नाही, ते आता कळेल.

या चाचणीचे महत्त्व समजून घ्यायचे तर आवरणाचा विचार करावा लागतो. काच पाण्याच्या वाफेला जवळजवळ अभेद्य असते. साध्या प्लॅस्टिकच्या फिल्ममधून मात्र दर चौरस मीटरला दिवसाकाठी काही ग्रॅम वाफ आत जाते. सीआयजीएसला ती ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतकी कमी हवी असते, आणि सेंद्रिय (कार्बनी संयुगांच्या) घटांना त्याहूनही कमी. म्हणजे साध्या प्लॅस्टिकपेक्षा आवरण हजारो पटींनी घट्ट हवे, तरी ते पारदर्शक असावे, वाकावे आणि वर्षानुवर्षे उन्हात पिवळे पडू नये. त्यासाठी ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉनच्या ऑक्साइडचे अतिपातळ थर प्लॅस्टिकच्या थरांशी आलटून पालटून देतात. एका ऑक्साइडच्या थरातील सूक्ष्म छिद्र खालच्या थरातील छिद्राच्या नेमके वर येत नाही, म्हणून वाफेला लांबच्या लांब वळसा घ्यावा लागतो. सौरघटाच्या कार्यक्षमतेचे विक्रम सगळीकडे छापून येतात. या आवरणाच्या कामाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि मला वाटते की लवचिक सौरविजेचे भवितव्य जितके घटात आहे तितकेच या फिल्ममध्ये आहे.

१७ फेब्रुवारी

कक्ष चालू असेपर्यंत वाचनाचे काम. पेरोव्स्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचे, बहुधा शिसे असलेले पदार्थ) घटांची २००९ मधील सुरुवात ३.८ टक्क्यांची होती, आणि आज प्रयोगशाळेतील छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये एकाच पदार्थाच्या घटाला घातलेली सैद्धांतिक मर्यादा सुमारे ३३ टक्के आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर देऊन केलेल्या दुहेरी घटांनी ३४ टक्के ओलांडून ती मर्यादाही मागे टाकली. हा थर अर्ध्या मायक्रॉनचा पुरतो आणि शाईसारख्या द्रावणातून, तुलनेने कमी तापमानाला, वर्तमानपत्र छापावे तसा गुंडाळीवर छापता येतो. यातील शक्यता मनापासून उत्साह देणारी आहे. सीआयजीएसमध्येही स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने लवचिक प्लॅस्टिकवर २०१३ मध्ये २०.४ आणि २०२२ मध्ये २२.२ टक्के गाठले आहेत. विक्रमी घट बहुधा नखाएवढे असतात आणि मोठ्या पट्टीवर आकडा खाली येतो, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

शिशाचा प्रश्न आकड्यांत पाहिला. पेरोव्स्काइटचा अर्धा मायक्रॉन थर एक चौरस मीटरवर म्हणजे अर्धा घन सेंटिमीटर पदार्थ. घनता साधारण ४.२ धरली तर दोन ग्रॅमपेक्षा थोडा अधिक, आणि त्यात एक तृतीयांश वजन शिशाचे. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ०.७ ग्रॅम शिसे. प्रमाण थोडे आहे, पण पाणी लागल्यास ते विरघळू शकणाऱ्या रूपात सुटते, म्हणून फाटलेल्या पट्टीचे काय होईल याचे उत्तर आधीच तयार असले पाहिजे. हा प्रश्नही शेवटी आवरणापाशीच येऊन थांबतो.

वजनाच्या बाजूने पाहिले तर २०२२ मध्ये एमआयटीच्या गटाने कापडावर चिकटवलेले छापील सेंद्रिय घट दाखवले, ज्यांनी दर किलोला ३७० वॉट दिले आणि ५०० वेळा गुंडाळूनही ९० टक्क्यांहून अधिक क्षमता टिकवली. त्याच लेखनात बाहेरच्या हवेपासून बचाव करणारे पातळ आवरण अजून करायचे आहे, असेही म्हटले आहे.

२ मार्च

कक्ष उघडला. न कापलेल्या पट्टीत झालेला बदल आमच्या मोजमापाच्या त्रुटीत मावेल इतका लहान आहे. कापलेल्या पट्टीने मात्र सुमारे एक पंचमांश शक्ती गमावली.

ही पट्टी दिव्याखाली तिरपी धरली, तेव्हा कापलेल्या कडेपासून आत तीन-चार बोटे करडी छटा सरकत गेलेली दिसली, ओल धरलेल्या भिंतीवर डाग चढत जावा तशी. डागाची सीमा सरळ नव्हती. जेथे आमच्या कात्रीने प्लॅस्टिक किंचित उचलले गेले होते, तेथे ती जिभेसारखी पुढे गेली होती. विद्युतप्रवाह आणि व्होल्टेज यांचा आलेख काढल्यावर कारणही उमगले. व्होल्टेज फारसा घटला नव्हता, पण आलेखाचा गुडघा, म्हणजे जेथे तो वळून खाली उतरतो ती जागा, बसला होता. वरच्या पारदर्शक वाहक थराचा, म्हणजे झिंक ऑक्साइडचा, रोध ओलाव्याने वाढल्यावर असेच होते. घट वीज तयार करतो, पण ती बाहेर पडता पडता वाटेतच उष्णता होऊन जाते.

ती रिकामी कड रिकामी नव्हती. तेथे वाफ अडवणारी ब्युटाइल रबराची पट्टी होती आणि ती आम्ही कापून टाकली. चूक आमची होती, ती येथे स्पष्ट नोंदवतो, कारण पट्टी हवी तशी कापून बसवावी हा मोह हे तंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला होणार आहे.

८ मार्च

आयुष्याचा आणि स्वच्छ विजेचा संबंध आज गणितात मांडला. हवामान बदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालात, पूर्ण आयुष्यक्रम धरून, छतावरील सौरविजेचे मध्यम उत्सर्जन दर किलोवॉट-तासाला ४१ ग्रॅम आणि कोळशाच्या विजेचे ८२० ग्रॅम दिले आहे. सौरविजेचे जवळजवळ सगळे उत्सर्जन पॅनेल बनवताना होते आणि ते पुढील वर्षांच्या उत्पादनात विभागले जाते. तेच पॅनेल तीस वर्षांऐवजी दहा वर्षांत निकामी झाले, तर दर युनिटचे उत्सर्जन तिप्पट होते. तरीही कोळशाच्या तुलनेत ते कमीच राहते, हे खरे; पण इंडियमसारखे दुर्मीळ मूलद्रव्य वापरून केलेली वस्तू दहा वर्षांत कचऱ्यात जाणे मला मान्य नाही.

१२ मार्च

मांडणीचा निर्णय. पट्टी कमानीवर आडवी टाकली, म्हणजे एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरवली, तर तिच्यातील प्रत्येक घटाचे तोंड निराळ्या दिशेला होते. घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे सर्वांत कमी ऊन मिळणारा घट सगळ्यांचा प्रवाह अडवतो. म्हणून पट्ट्या कमानीच्या लांबीला समांतर लावायच्या, एकाच उंचीवरच्या पट्ट्या मालिकेत जोडायच्या, आणि दोन्ही उतारांचे गट समांतर जोडायचे. यात पट्टीला वाकावे लागते तेही फक्त तिच्या रुंदीत, आणि जंक्शन बॉक्स सपाट टोकाला राहतो.

२० मार्च

पूर्व उतारावर सीआयजीएसच्या दोन पट्ट्या आणि तुलनेसाठी अस्फटिकी सिलिकॉनची एक पट्टी बसवली. एकही कड कापली नाही. पन्हाळीजवळ वीतभर पत्रा उघडा राहिला, तो तसाच ठेवला. पत्रा पुसून, कोरडा करून, मधून कडेकडे रबरी रूळ फिरवत हवा काढली. जंक्शन बॉक्सजवळची तार ताण येणार नाही अशी सैल वळणाने बांधली.

या कामात हबल दुर्बिणीची आठवण झाली. १९९० मध्ये तिच्यासोबत गेलेले गुंडाळीचे सौर पंख सावलीतून उन्हात येताना तापून थरथरत आणि दुर्बीण हलत असे. पुढे ते बदलावे लागले. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मात्र उलगडणारे सौर पंख पुन्हा बसवले जात आहेत. पातळ वस्तू तापते लवकर आणि निवतेही लवकर, म्हणून चिकट थराला दररोजचे ताणणे-आखडणे सोसावे लागणार आहे. चारही कोपऱ्यांवर पट्टी आणि पत्रा यांच्या सांध्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत.

२७ मार्च

पहिल्या आठवड्याचे उत्पादन अपेक्षेप्रमाणे. अस्फटिकी सिलिकॉनची पट्टी उतरू लागली आहे. तिचा आकडा मे अखेरपर्यंत ग्राह्य धरू नये. वायव्येकडील कोपऱ्यावर पेन्सिलीची खूण अर्धा मिलिमीटर सरकलेली दिसते. ती पट्टी सरकल्यामुळे की पत्रा प्रसरण पावल्यामुळे, हे ठरवण्यासाठी उद्या सूर्योदयापूर्वी, पत्रा थंड असताना, पुन्हा मोजायचे आहे.